गावठाणाचा नकाशा: ड्रोन उडून गेल्यानंतर

गावठाणावर ड्रोन उडण्याआधी गल्लीबोळांतून चुना टाकला जातो. घरांच्या हद्दी अशा आखलेल्या असल्या, तरच वरून काढलेल्या छायाचित्रांत त्या स्पष्ट उमटतात. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ही छायाचित्रं जोडून नकाशा तयार होतो. मग तो जागेवर पडताळला जातो, हरकती ऐकल्या जातात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते.

इथवरचं सगळं कौतुकाने सांगितलं जातं. मला मात्र पुढची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. भावाभावांत वाटणी झाली, घर विकलं, की नकाशा जुना होतो. पत्रिकेवर नावं चढली पण नकाशात वाटणीची रेघ पडली नाही, तर दोन सरकारी कागद दोन गोष्टी सांगू लागतात आणि भांडण घरात येतं. म्हणून फेरफारासोबत नकाशाही दुरुस्त व्हायलाच हवा, तोही तारीख आणि कारण नोंदवून. जुनी आवृत्ती मात्र पुसायची नाही. दाव्यात प्रश्न असतो तो, त्या वेळी हद्द कुठे होती याचा. शेतजमिनीच्या मोजणीत इंग्रजी अमदानीतली टिपणं आजही बाहेर काढली जातात, कारण ती अभिलेख कक्षात कुणीतरी जपून ठेवली.