संगणकाचे सुटे भाग घेताना

गेल्या वर्षी नातवाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. तयार संगणक न घेता सुटे भाग आणून घरीच जोडू, असे आम्ही दोघांनी ठरवले. त्यासाठी मी पेन्शनमधून ५० हजार रुपये बाजूला काढले होते. एका दुकानातून मदरबोर्ड घेतला. रॅम दुसरीकडे स्वस्त दिसली म्हणून तिथून घेतली. घरी येऊन पाहतो तर ती बसेना! मदरबोर्ड डीडीआर-५ चा, रॅम डीडीआर-४ ची. दोन्हींना पिना २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी. पाकीट फोडले असल्याने परतही करता येईना. जन्मभर बँकेत इतरांचे कागद तपासले आणि इथे साधा पाकिटावरचा मजकूर वाचला नाही. चूक माझीच.

म्हणून सभासदांना सांगणे एवढेच, की सुटा भाग चांगला असून भागत नाही. तो इतर भागांशी जुळला पाहिजे. बाजारात जाण्यापूर्वी पुढील क्रमाने यादी करावी.

१. प्रोसेसर : काम काय, ते आधी ठरवावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात ग्राफिक्सची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड न लावल्यास पडद्यावर काहीच दिसत नाही.

२. मदरबोर्ड : सॉकेट प्रोसेसरशी जुळणारे हवे. एएमडीच्या एएम-५ सॉकेटवर फक्त डीडीआर-५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए-१७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून नाव पूर्ण वाचावे. आपला प्रोसेसर त्यावर चालतो का, हे मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे.

३. रॅम : १६ जीबी हवी असल्यास ८-८ च्या दोन पट्ट्यांची जोडी घ्यावी. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात, त्यामुळे वेग वाढतो.

४. एसएमपीएस : काटकसरीचा मोह सर्वांत जास्त इथे होतो आणि तोच महागात पडतो. सगळ्या भागांना वीज इथूनच जाते. हा बिघडला तर सोबत इतरांनाही नेऊ शकतो. सर्व भागांची वॅटची बेरीज करून वर सढळ हाताने शिल्लक ठेवावी. ३०० वॅट लागत असतील तर नामांकित कंपनीचा ५०० ते ५५० वॅटचा घ्यावा.

५. कॅबिनेट : मदरबोर्डाचा आकार आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजूनच घ्यावे.

आपल्याकडे सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये हे सर्व एका छताखाली मिळते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि सगळी बिले एकाच फाइलमध्ये ठेवावीत.

नातवाचा संगणक आता उत्तम चालतो. ती डीडीआर-४ रॅम मात्र अजून माझ्याकडेच आहे. कोणा सभासदाच्या डेस्कटॉपला बसत असेल तर जरूर घेऊन जावी.