चेहरा घडवणारे ‘अ’ जीवनसत्त्व

अमेरिकेतील टेक्सासमध्ये फ्रेड हेल या पशुसंशोधकाने एका डुकरिणीला गाभण राहण्याआधीपासून ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला होता. तिला अकरा पिल्ले झाली. एकालाही नेत्रगोल नव्हते. हेल यांची ही नोंद १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, सिडनी कोहलान यांनी उलटे करून पाहिले. उंदरांच्या गाभण माद्यांना त्यांनी हेच जीवनसत्त्व भरपूर दिले, तर पिल्लांच्या कवटीत आणि टाळूत व्यंगे आढळली. म्हणजे कमी पडले तरी बिघाड आणि जास्त झाले तरी बिघाड.

याचे कारण गर्भातील पेशींच्या कामात आहे. शरीर ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल तयार करते. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके चालू, तर काही बंद करते. गर्भाच्या काही भागांत हे आम्ल तयार होते आणि शेजारच्याच भागांत विकरे ते नष्ट करतात. त्यामुळे कुठे त्याचे प्रमाण जास्त, तर कुठे अगदी कमी असते. आपण कुठे आहोत आणि पुढे काय व्हायचे, याचा इशारा पेशींना या फरकातून मिळतो.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास, पुढे मेंदू होणाऱ्या भागाच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि चेहऱ्याच्या जागी येतात. चेहऱ्याची बहुतेक हाडे, खालचा जबडा आणि कानातील चिमुकली हाडे त्यांच्यापासूनच बनतात. आधी पाच उंचवटे दिसतात : कपाळ-नाकाचा एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. ते जुळत जाऊन आठव्या आठवड्यापर्यंत चेहरा ओळखू येऊ लागतो. टाळू मात्र बाराव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण सांधते.

इशारा बदलला की काय होते, हे कॅनडातील जॉय रिचमन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भावर दाखवले. वरच्या जबड्याच्या उंचवट्यात त्यांनी रेटिनॉइक आम्ल आणि ‘नॉगिन’ या प्रथिनात भिजवलेले मणी ठेवले. चोचीची बाजू जिथे तयार व्हायची, तिथे चोचीच्या मधल्या भागाची दुसरी प्रत उगवली. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसांच्या बाबतीत हा धडा एका औषधाने दिला. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचेच रूप १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. गरोदरपणात ते पोटात गेलेल्या १५४ गर्भधारणांचा अभ्यास एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडला. त्यांत २१ बाळे व्यंगासह जन्मली होती. अगदी लहान किंवा नसलेले कान, लहान जबडा, दुभंगलेली टाळू आणि त्याबरोबर हृदय व मेंदूचे दोष असे त्याचे स्वरूप होते.

खरी अडचण वेळेची आहे. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत चेहऱ्याची जुळणी सुरू झालेली असते. म्हणूनच आयसोट्रेटिनॉइन सुरू करण्यापूर्वी गर्भचाचणी करावी लागते आणि औषधाच्या एक महिना आधीपासून ते थांबवल्यानंतर एक महिन्यापर्यंत गर्भधारणा टाळावी लागते. सोरायसिसवरील अ‍ॅसिट्रेटिनसाठी औषध थांबवल्यानंतरची ही मुदत तीन वर्षांची आहे. चुकून गोळी घेतली गेलीच, तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना गाठावे.

मग गरोदर स्त्रीने गाजर, मेथी, शेवग्याचा पाला सोडायचा का? मुळीच नाही. भाज्यांतील बीटा कॅरोटीनचे रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते. जपायचे ते तयार ‘अ’ जीवनसत्त्वापासून. जागतिक आरोग्य संघटनेनुसार गरोदरपणात गोळ्यांतून ते दिवसाला १०,००० युनिटपेक्षा जास्त घेऊ नये. कलेजीच्या एका भरपूर वाढीतही ही मात्रा ओलांडली जाऊ शकते. उलट, रात्री नीट दिसेनासे झाले तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. ते कमतरतेचे लक्षण असू शकते.

आणि मैत्रिणीकडे उरलेली मुरुमांची गोळी? ती कितीही गुणकारी वाटली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.