बांधावरील मुंग्या धोका कसा ओळखतात

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीच्या निमित्तानें सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ बांध आम्हीं तुडविले आहेत. मुंग्यांच्या बिळावर पाय पडतांच शेकडों लाल मुंग्या पोटरीपर्यंत चढतात, हा अनुभव माणपासून जतपर्यंत सर्वांस आहे. पुष्कळजण रागानें कुदळ घेऊन बीळ खणूं लागतात. परंतु मुंगीस धोका कसा कळतो हें ध्यानीं घेतल्यास हा खटाटोप बहुधा व्यर्थ आहे असें दिसून येईल.

मुंगीस आपणांसारखे कान नाहींत. हवेंतून येणारी हांक तिला जवळजवळ ऐकूं येत नाहीं. मात्र तिच्या पायांत गुडघ्याखालीं जमिनीचा कंप टिपणारें सूक्ष्म इंद्रिय असतें. म्हणून बैलाच्या खुराची वा कुदळीची चाहूल तिला तत्काळ लागते.

दुसरें साधन वासाचें. मुंगी चिरडली गेली कीं तिच्या अंगांतील ग्रंथींतून इशाऱ्याचें द्रव्य बाहेर पडतें व शेजारणी तें आपल्या मिशांनीं ओळखतात. बिळाच्या तोंडाशीं हा वास आला तर त्या चाल करून येतात. दूर पिकांत आला तर बहुधा पळ काढतात. हा वास थोड्याच मिनिटांत विरतो. लाल मुंगी नांगी मारते; मुंगळ्यास नांगी नसते, तो चावतो व पोटाच्या टोकांतून फॉर्मिक आम्ल फवारतो. इतक्यांत कांहीं मुंग्या अंडीं व अळ्या उचलून आंत खोल नेतात. वरचेवर उपद्रव झाल्यास सारें बिऱ्हाडच हलतें. म्हणजे खणलेलें बीळ पुढच्या बांधावर पुन्हां उभें राहतें.

ओलीचा धोकाही त्यांस कळतो. पुण्यास पावसानंतर मुंग्या भिजलेलें गवताचें बीं उन्हांत वाळत घालतात, असें कर्नल साइक्स यांनीं १८३५ सालीं प्रसिद्ध केलें. हरिपूरचीं हळदीचीं पेवें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ही दक्षता नवलाची वाटणार नाहीं.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं इतकें करावें. खळें करण्यापूर्वीं किंवा झाडाखालीं मूल निजविण्यापूर्वीं त्या जागीं काठी आपटून थोडा वेळ पाहावें. बीळ असल्यास मुंग्या बहुधा बाहेर येतील. अंगावर चढल्यास तेथेंच चिरडूं नयेत. प्रथम दहापांच पावलें दूर जाऊन मग झाडाव्या. मुंगळे एखाद्या ताटावर चढउतार करीत असतील तर तेथें मावा आहे कीं काय तें पाहावें. मुंगळे त्याच्या गोड रसासाठीं त्याची राखण करतात. असल्यास इलाज पिकावर करावा, बिळावर नव्हे. पडीक बांधावरील मुंग्या वाळवीही खातात; त्यांस विनाकारण छेडूं नये, हेंच हिताचें.