भोगवर्धनाच्या मृण्मूर्ति

मराठी खेड्यांत जमिनीचीं दोन नांवें आहेत: पीक देणारी ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. अनेक पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख व खापरें एकत्र होऊन पांढरी चढत जाते. जालना जिल्ह्यांतील केळणा नदीच्या कांठचें भोकरदन अशाच एका प्राचीन पांढरीवर वसलेलें आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ज्याचें नांव येतें, तें भोगवर्धन नगर हेंच होय. नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं १९७३ सालीं येथें उत्खनन केलें. शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनीं त्याचा वृत्तांत १९७४ मध्यें प्रसिद्ध केला.

या उत्खननांत सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथल्या मूर्तीशीं साम्य असल्यामुळें तिचा बोलबाला झाला. परंतु हस्तिदंत हा धनिकांचा विषय. सामान्य माणसानें स्वतःकडे व सृष्टीकडे कसें पाहिलें, हें जाणावयाचें तर मातीच्या मूर्तींकडेच वळलें पाहिजे.

सातवाहनकाळीं दख्खनेंत या मूर्ति बहुधा दोन साच्यांत घडवीत. एका साच्यांत पुढची व दुसऱ्यांत पाठीची बाजू दाबून, दोन्ही अर्धे ओले असतांनाच जोडीत आणि आंत पोकळी ठेवीत. या पोकळीस कारण आहे. भरीव मूर्ति वाळतांना बाहेरून आधीं आकसते, गाभ्यांत ओल राहते; आणि भट्टींत त्या ओलीची वाफ झाली म्हणजे मूर्ति तडकते. एका साच्यांतून अनेक मूर्ति निघत असल्यानें ही कला राजवाड्यापुरती न राहतां सामान्य घरांतही पोंचूं शकली.

यांतील सर्वांत अर्थपूर्ण रूप लज्जागौरीचें. स्त्रीचा देह प्रसूतीच्या आसनांत बसलेला, आणि मस्तकाच्या जागीं उमललेलें कमळ! भोकरदन, तेर यांसारख्या स्थळीं हें रूप मातींत आढळतें. मुख ही व्यक्तीची ओळख. तें वगळल्यावर ती अमकी स्त्री राहत नाहीं. उरते ती केवळ जन्म देणारी शक्ति. कमळ चिखलांतून उगवतें, पीक काळींतून, मूल मातेच्या उदरांतून. या तिन्ही गोष्टी एकच आहेत, असें ती मूर्ति शब्दांवांचून सांगते.

ही कल्पना सातवाहनांहून पुष्कळ जुनी असावी. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें एका घराच्या जमिनीखालीं झांकण असलेली मातीची पेटी मिळाली. तींत एक स्त्रीमूर्ति होती. पेटीवर दुसरी स्त्रीमूर्ति आणि एक बैल होता. या दोन स्त्रीमूर्तींपैकीं एकीस शिर नव्हतें. इ. स. पूर्वीं सुमारें १३०० मधल्या या मूर्ति भाजलेल्या नव्हत्या. पोळ्याचे मातीचे बैल आणि गणेशचतुर्थीची पार्थिव मूर्ति आजही न भाजतांच करतात. माती मातीस परत जावी, हा त्यांतील भाव. भाजलेली मूर्ति टिकण्यासाठीं असते, कच्ची मूर्ति परतण्यासाठीं. मनुष्यास या दोन्ही गोष्टी हव्या असतात.

इनामगांवची पेटी इतकें बोलूं शकली, याचें कारण ती जागच्या जागीं मिळाली. घर कोणतें, थर कोणता, शेजारीं काय होतें, हें सर्व नोंदलें गेलें. पांढरीची माती भिंतींसाठीं व शेतांत खतासाठीं खणून नेण्याची चाल जुनी आहे. तींत निघालेली बाहुली कोणी मुलांस खेळावयास देतो, कोणी विकतो. मूर्ति वांचते, पण तिचें घर हरवतें. आणि घर हरवलेली मूर्ति कोणाच्या आशेनें, कोणत्या भीतीनें घडली, हें पुढें कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून कुदळ लागतांच हात थांबवून ती जागा जाणत्यास दाखविणें, हें पांढरीवर राहणाऱ्या प्रत्येकाचें आपल्या पूर्वजांविषयींचें कर्तव्य होय.