शर्यतीच्या बैलाचा हिशेब

मोटारींच्या शर्यतीत उतरावयाचे तर पैसा लागतो, हे सर्वश्रुत आहे. सातारा-सांगलीकडील बैलगाडीच्या शर्यतीचेही तसेच आहे. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाची किंमत एकदाच मोजावी लागते. परंतु कडबा, पेंड, सराव व देखभाल यांचा खर्च रोजचा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या; 2021 च्या अखेरीस त्यांना पुन्हा मुभा मिळाली. मधली सात वर्षे मैदान ओस पडले, गव्हाण मात्र रिकामी ठेवता येईना. बैलाची उमेदीची वर्षे ती केवढी! 2023 साली भाळवणीस पहिले बक्षीस मोटारीचे होते. मोटार एकाच्याच दारी जाते; वैरण सर्वांनाच घालावी लागते. म्हणून बक्षिसाआधी गव्हाणीचा हिशेब मांडावा.