आधी बोर्डिंग, मग कॉलेज

रयत शिक्षण संस्थेचं मोठेपण शाळा-कॉलेजांच्या संख्येवरून मोजलं जातं. मला तिच्या कामांचा क्रम अधिक बोलका वाटतो. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी काले येथे संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं ते १९४७ मध्ये. मुलांच्या जेवणाची सोय कॉलेजच्या २३ वर्षं आधी झाली होती. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले होते. घरातला पहिलाच शिकणारा मुलगा फीइतकाच राहण्या-जेवणापाशी अडतो, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं, ते या मुलांच्या पोटासाठी.

आता शिष्यवृत्त्या आहेत, फीमाफी आहे, मग हे जुनं कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. फीमाफीचं मोल कमी नाही. तिच्याशिवाय अनेकांनी प्रवेशाचा विचारही केला नसता. पण फी माफ झाल्याने मेसचं बिल भागत नाही. ते दर महिन्याला येतं आणि निर्वाहभत्ता महिनोन्‌महिने रखडू शकतो. तोवर उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारशी जोडलेलं खातं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज या साऱ्यांतून वाट काढायची असते. शिकलेल्या घरात हे काम बाप किंवा थोरली बहीण निस्तरते. पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाच्या घरात त्या जागी कोणीच नसतं.

यावरची एक वाट रयतच्याच कामात सापडते: शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभं राहिलं. या योजनेवरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: गरिबाच्या मुलाने बागेला पाणी घालायचं आणि त्याच वेळी पैसेवाल्याच्या मुलाने अभ्यास करायचा, हा कुठला न्याय? श्रमप्रतिष्ठेची भाषणं हे त्याचं उत्तर नव्हे. योजनेचा खरा फायदा वेगळा आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा किंवा ऑफिसात फायली लावणारा मुलगा ग्रंथपालाला, क्लार्कला ओळखू लागतो. अर्जाची शेवटची तारीख त्याला वेळेत कळते, त्रुटी निघाली तर कोणाला विचारायचं हेही कळतं. म्हणून कामं अशाच ठिकाणची द्यावीत, आणि परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून मोबदला तोच ठेवावा.