बिदरीची माती आणि शाळेचा तास

परीक्षा जवळ आली की शाळेत पहिली कुऱ्हाड पडते ती गाण्याच्या आणि चित्रकलेच्या तासावर. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या आणि वर्षानुवर्षे मुलांना सूर लावायला शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला हे नवे नाही. कला म्हणजे अभ्यास आटोपल्यावरची करमणूक, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. ती किती फोल आहे हे पाहायचे असेल, तर बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाकडे पाहावे.

कोळारसारख्या तिथल्या गावातील मुलाच्या कानी मराठी, कानडी आणि दख्खनी अशा तिन्ही भाषा पडतात. बिदरी काम याच मुलखातले. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते काळे करायचे. जस्ताचे अंग काळे पडते, चांदी मात्र लखलखीत राहते. धातूंच्या गुणधर्मांचा याहून चांगला धडा कोणता? नक्षी आखताना भूमिती येते. महमूद गवानाने 1472 साली उभारलेल्या मदरशावरील रंगीत फरशा पाहताना इतिहास येतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंची (1817–1865) मराठी, हिंदी, कानडी पदे गायली, तर भाषाभाषांतली अढी सैल होते.

गाण्याचेही तसेच. वर्गाचे दोन भाग करून एकाने दर तीन मात्रांनी टाळी द्यावी, दुसऱ्याने दर चार. बारा मात्रा संपल्या की दोन्ही टाळ्या पुन्हा एकत्र पडतात. लसावि म्हणजे काय, हे मग फळ्यावर लिहावे लागत नाही. छत्तीस इंचांची तार षड्जात मिळवून तिचा चोवीस इंचांचा भाग छेडावा, पंचम बोलतो. अठरा इंचांचा छेडावा, वरचा षड्ज बोलतो.

गांधीजींच्या 1937 च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानेही कलेची सांगड इतर विषयांशी घालावी असे म्हटले आहे. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. पाढे चालीवर म्हणवून घेतले म्हणजे संगीत शिकविले असे होत नाही. कला इतर विषयांची मोलकरीण झाली, तर दोघांचेही नुकसान. स्वर पक्का नसेल, तर तारेचे गणित कानाला पटणार कसे?

तेव्हा शाळाचालकांस एवढेच विनविणे आहे: गणिताच्या तासाला तबला जरूर न्यावा, पण तबल्याचा तास गणिताला देऊ नये.